राणीच्या बागेतली नावं

भायखळ्याच्या बागेचं कागदोपत्री नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान'. पण बसमध्ये कुणीही तिकीट मागतं ते 'राणीच्या बागे'चं. १८६२ साली गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली, तेव्हा ती 'व्हिक्टोरिया गार्डन्स' होती. लोकांनी व्हिक्टोरिया वगळली आणि राणी ठेवली. कुठली राणी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

त्याआधी शिवडीला अशी एक बाग होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि नव्या बागेची आखणी भायखळ्यात झाली. त्यात डॉ. जॉर्ज बर्डवूड यांचा पुढाकार होता. शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी खटपट केली, ते १८७२ मध्ये उघडलं. तिथला घड्याळाचा मनोरा बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या नावाचा. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. तो इंग्लंडला न्यायचा बेत होता, पण उचलताना तो फुटला, म्हणून इथं राहिला! १९६५ मध्ये काळा घोडाही इथंच आला. शहराला नकोसं झालेलं सगळं ही बाग मुकाट्यानं ठेवून घेते.

माझा जीव मात्र झाडांत. इथली गोरखचिंच पाहा. मूळची आफ्रिकेची. मराठीनं तिचं नातं गोरखनाथांशी जोडलं, तर आमच्या घरात तिला 'खुरासानी इमली' म्हणत. आफ्रिकेचं नाव कुणीच घेतलं नाही. ब्रह्मदेशातून आलेल्या एका झाडाला इंग्रजांनी लेडी अॅमहर्स्टचं नाव दिलं. त्याचे लालभडक झुलते घोस पाहून आपण त्याला उर्वशी म्हटलं. कवी म्हणून सांगतो, उर्वशीच बरोबर आहे. दक्षिण अमेरिकेतलं झाड इथं कैलासपती झालं, कारण त्याच्या फुलात कुणाला तरी पिंडीवर फणा धरलेला नाग दिसला. परदेशी पाहुण्याला आपलं नाव देऊन पंगतीत बसवायची ही रीत मला फार आवडते.

२००७ च्या सुमारास इथं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय उभारण्याची योजना आली, तेव्हा या झाडांची काळजी वाटून काही नागरिक पुढे झाले. त्यांत बायकाच आघाडीवर होत्या. त्यांनी झाडांची ओळख पटवली, नोंदी केल्या, दाद मागितली. झाडाचं नाव ठाऊक असलं की त्याच्यासाठी भांडता येतं.

पुढे २०१६ मध्ये पेंग्विन आले. २०१७ साली मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं, मुलांचं पंचवीस. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर. प्राण्यांना चांगली घरं हवीत, खर्च येणारच, हे मान्य. आमच्या लहानपणी मात्र बाशी ईदला मदनपुरा, नागपाडा, आग्रीपाडा इथली घरंच्या घरं पायी या बागेत लोटत. डबे, चटया, नवे कपडे. गिरणीतल्या माणसाला सावलीत पाय पसरायला याहून जवळची जागा नव्हती. सणाला अजूनही गर्दी होते. फक्त दादी, फुफी, खाला आणि पाच-सहा पोरं असं कुटुंब आलं, की ते शंभराच्या हिशेबात बसत नाही. मग तिकीटखिडकीपाशी माणसं मोजली जातात, पुन्हा मोजली जातात, आणि दादी म्हणते, तुम्ही जाऊन या, मी बाहेर बसते.