सातबाऱ्यातला कंस



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इथे सांता क्लारात रात्री जेवणं आटोपल्यावर धाकटा भाऊ आणि मी लॅपटॉपवर गावच्या जमिनीचा सातबारा बघत होतो. वडिलांनी फोनवर गट नंबर सांगितला, जिल्हा-तालुका-गाव निवडलं आणि उतारा समोर हजर! आम्ही खूश. तेवढ्यात भावाने विचारलं, "आजीचं नाव कंसात का रे?" हयात सॉफ्टवेअरमध्ये गेलेला माणूस तो. त्याच्या लेखी कंसातली गोष्ट म्हणजे जादा माहिती, असली तर असली नाहीतर नाही. वडिलांना विचारलं तर ते हसले. "अरे, कंस म्हणजे नाव कमी झालं. ती गेली ना, तेव्हा तलाठ्याने कंस केला."

गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्हा दोघांना मात्र माहीत नव्हतं. तेव्हापासून हा कंस डोक्यात बसला आणि त्याच्या मागे लागून जे वाचलं ते लिहितो आहे.

सातबाऱ्याचं घराणं जुनं. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी शेतसारा ठरवायला मोजणी सुरू केली. प्रिंगल नावाच्या साहेबाने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा घाट घातला. कागदावर फार हुशार पद्धत, पण असे आकडे खरे मिळणार कुठून? काही वर्षांतच ती कोसळली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूरला सोपी पद्धत आणली. मातीची खोली बघायची, तिच्यातले दोष बघायचे आणि त्यावरून आण्यांत प्रतवारी करायची. कारकुनाला जमेल आणि शेतकऱ्याला कळेल अशी. ती टिकली आणि मुंबई इलाखाभर पसरली. कोणाचा हक्क किती हे लिहून ठेवणारं हक्कनोंदणीचं पत्रक त्यानंतर बऱ्याच काळाने, १९०३ च्या कायद्याने आलं. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, नमुना बारा म्हणजे त्यात पीक काय, आणि दोन्ही एका कागदावर म्हणून सातबारा. बदल झाला की आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत नोंद करायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं, मंडळ अधिकाऱ्याने मंजुरी द्यायची आणि मग सातबाऱ्यावर अंमल. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेही हीच चौकट ठेवली.

कंसाची युक्ती या वहीतली. सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही, जुनं नाव वाचता आलंच पाहिजे, पण ते आता लागू नाही हेही दिसायला हवं. म्हणून भोवती कंस. शाई आणि टाक असलेल्या माणसाने काढलेला उत्तम तोडगा, असं माझं मत.

आता कॉम्प्युटर. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेख संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प घेतला. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. म्हणजे आपल्यापैकी बरेच जण जेव्हा कॉलेजात पंच कार्डाच्या गोष्टी ऐकत होते, तेव्हा वर्ध्यात सातबारा टाइप करायला सुरुवात झाली होती. मग इतकी वर्षं का लागली? यंत्रं कमी होती हे अर्धंच उत्तर. खरी अडचण अशी की कॉम्प्युटरमध्ये उतारा भरला तरी तलाठ्याची हाताने लिहायची वही चालूच राहिली. दोन सातबारे झाले आणि दर महिन्याला ते एकमेकांपासून लांब जाऊ लागले. कर्नाटकने २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पात हाताने लिहिलेला उतारा सरळ बंद करून टाकला, त्यामुळे तिथे हा घोळ लवकर मिटला. (मिटला म्हणजे, बेळगाव-खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला उतारा झटपट मिळू लागला, पण कन्नडमध्ये! आपल्याच जमिनीचा कागद वाचायला दुसऱ्याकडे जावं लागतं, आणि मराठीत कागदपत्रं मिळावीत ही तिथली मागणी जुनीच आहे.)

दुसरी अडचण अक्षरांची, आणि इथे आपल्या काउंटीचा संबंध येतो. सुरुवातीच्या काळात मराठी मजकूर बऱ्याचदा एखाद्या खास फॉन्टच्या भरवशावर साठवलेला असे. फॉन्ट बदलला की गोऱ्हे आडनावाचं काय होईल सांगता येत नसे. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रावर मोठं काम केलं, 'इस्की' हे भारतीय लिप्यांचं मानक झालं आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. युनिकोड कन्सॉर्शियमची नोंदणी जानेवारी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात झाली, पत्ता बरीच वर्षं माउंटन व्ह्यूचा होता, आणि २०१० च्या दशकात त्यांच्या परिषदा सांता क्लारातच भरत. आपल्या 'ऱ्या'ला आणि 'ऱ्ह'ला जागतिक मानकात ठरलेली जागा आहे, म्हणून आज कऱ्हाडचा उतारा इथे मोडतोड न होता दिसतो.

महाराष्ट्रात ई-फेरफार आला, फेरफाराच्या नोंदीच ऑनलाइन होऊ लागल्या. तलाठी सर्व्हर मंद म्हणून वैतागले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सगळ्यात शहाणपणाचं काम मला वाटतं ते २०१७ च्या चावडी वाचनाचं. राज्यात अडीच कोटींच्या आसपास सातबारे. हातची वही आणि कॉम्प्युटरमधली नोंद जुळते का हे तपासायला संगणकीकृत सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखवायचा. "अमुक गट, खातेदार अमुक, क्षेत्र अमुक," आणि समोर बसलेला माणूस म्हणणार, "थांबा साहेब, माझ्या भावाचं नाव राहिलं." चुका निघाल्या की तहसीलदाराने कलम १५५ खाली दुरुस्त करायच्या. इथल्या कंपन्या दहा लोकांना खोलीत बसवून सॉफ्टवेअर दाखवतात आणि त्याला युजर टेस्टिंग म्हणतात. आपल्याकडे ते चावडीवर झालं. सगळीकडे सारखं नीट झालं असं मी म्हणणार नाही. तरी या तपासणी-दुरुस्तीशिवाय १ मे २०१८ ला सुरू झालेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला अर्थ राहिला नसता. चुकीच्या उताऱ्यावर खरी सही म्हणजे चूक पक्की!

नुसता बघायचा उतारा फुकट, सहीचा १५ रुपये. कोणाच्याही जमिनीचा कोणीही बघावा. हे आपल्याला सहज वाटतं, पण जमिनीची सरकारी माहिती इथेही सहजासहजी मिळाली नव्हती. सांता क्लारा काउंटीकडे सगळ्या प्लॉटांच्या हद्दींचा डिजिटल नकाशा होता. कॅलिफोर्निया फर्स्ट अमेंडमेंट कोअलिशनने २००६ मध्ये तो मागितला. काउंटीचं म्हणणं, भरमसाट फी भरा आणि करारावर सही करा. कोर्टात गेल्यावर कॉपीराइट निघाला, राष्ट्रीय सुरक्षाही निघाली. फेब्रुवारी २००९ मध्ये अपील कोर्टाने करार, कॉपीराइट, सुरक्षा हे सगळं फेटाळलं: सार्वजनिक दस्तऐवज आहे, लोकांना द्या. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध, नकाशा तयार असूनही, तो लोकांचा आहे हे ठरायला अडीच वर्षांवर गेली. सातबाऱ्याची वाट बघताना आपण उगाच स्वतःला फार कमी लेखतो.

असो. कंसाकडे येतो. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुनाच बदलला. गावाचा कोड आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली, खातेदारांच्या मध्ये रेषा आली. आणि मयत खातेदार, कर्जाचे बोजे, ई-करार यांच्या नोंदींना कंस न करता त्यांच्यावर आडवी रेघ मारायचं ठरलं. आमच्यासारख्या अडाण्यांची सोय झाली. बँकेतल्या कारकुनाचीही झाली असेल, फिटलेलं कर्ज फिटलेलंच दिसतं.

नवा उतारा आला तेव्हा आम्ही परत बघितला. या वेळी भावाने काही विचारलं नाही. आजीच्या नावावर सरळ रेघ होती. कंसात ती बाजूला बसल्यासारखी वाटायची. बदल योग्यच आहे, मला विचारलं असतं तर मीही हेच सुचवलं असतं. तरी वडिलांना ती प्रिंट पाठवायला मी दोन दिवस लावले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे नमुना बाराची पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो. चुलतभाऊ आमची करतो. मी इथून करून देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जमायचं नाही दादा, फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो."