उसना गळा, उसनं अंग

पाटणला आलं की दातेगडाचा विषय निघतोच. गडावरची तलवारीच्या आकाराची विहीर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गड कोणी घेतला, कोणी राखला, यावर आपण तासभर बोलू शकतो. तो कातळ फोडणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला सांगता येत नाहीत. आजचा विषय सिनेमातल्या स्टंट कलाकारांचा असला, तरी प्रश्न त्याच जातीचा आहे. अंग एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे कसं ठरत गेलं?

सुरुवातीला ही वाटणी इतकी पक्की नव्हती. बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२३ मध्ये त्यांचा ‘सिंहगड’ आला. मूकपटाला आवाज नव्हता, त्यामुळे घोडदौड, तलवारबाजी, उडी हाच अभिनय होता. याच कंपनीतून मास्टर विठ्ठल पुढे आले. मुंबईच्या शारदा कंपनीत ते मारधाडपटांचे नायक झाले आणि लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. पडद्यावर जे अंग झेप घेतं तेच पोस्टरवर छापलं जातं, असा तो काळ होता.

मग आला बोलपट. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, त्याचे नायक मास्टर विठ्ठलच. त्यासाठी त्यांनी आधीच्या कंपनीचा करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी लढवली. गंमत पाहा, ज्या नटासाठी एवढी कोर्टकचेरी झाली, त्याचे हिंदुस्थानी उच्चार जमेनात म्हणून पडद्यावर त्याला फारसं बोलूच दिलं नाही. आता नटाची किंमत जिभेवर ठरू लागली होती. आमच्या मते शरीराचं मोल उतरायला इथूनच सुरुवात झाली.

पुढे एका पात्राचे तीन तुकडे झाले. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा, हाडं तिसऱ्याची. १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन आलं. मारामारीसाठी ‘फायटर’ आणि नायकाच्या जागी उडी मारणारा ‘डुप्लिकेट’ हेही नेहमीचे झाले. गळा उसना, अंगही उसनं. पण दोघांचं नशीब सारखं निघालं नाही.

ज्यांचं बालपण आपल्या शेजारच्या सांगलीत गेलं, त्या लता मंगेशकरांचंच उदाहरण घ्या. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! पुढे त्यांचं स्वतःचं नाव आलं. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला बक्षीस नव्हतं, तेव्हा तिथं गायला त्यांनी नकार दिला. १९५९ मध्ये ते बक्षीस सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं. राष्ट्रीय पुरस्कारांत पार्श्वगायन १९६७ च्या चित्रपटांपासून आहे. स्टंटची रचना तिथं पोहोचली २०१६ च्या चित्रपटांपासून. मधे ४९ वर्षं गेली! आणि तोही मान रचना करणाऱ्याला, पडणाऱ्याला नव्हे. ऑस्करवाल्यांची पावलंही तितकीच जड. त्यांचा स्टंटचा पुरस्कार २०२७ च्या चित्रपटांपासून सुरू व्हायचा आहे.

असं का झालं? गळा तबकडीवर, रेडिओवर वेगळा विकता आला. अंग वेगळं विकता येत नाही. शिवाय डुप्लिकेटचं कसबच असं, की तो ओळखू आला तर दृश्य फसलं. खांद्यावरून लोळण घेऊन आपटण्याचा जोर अंगभर वाटून द्यायचा, रिकाम्या खोक्यांच्या नि गाद्यांच्या थरावर नेमकं पडायचं, आणि हे सगळं कॅमेऱ्याला पाठ देऊन. पण दृश्यात दडणं हे कसब आहे. श्रेयनामावलीत दडणं ही कसबाची गरज नाही. आपण या दोन गोष्टींची गल्लत केली.

आणखी एक गोष्ट आपल्याच भागातली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून व्ही. शांतारामांना ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला. १९५७ च्या या चित्रपटात बैलाशी झुंज त्यांनी स्वतः दिली आणि डोळ्यांना गंभीर दुखापत करून घेतली. ही हकिकत आजही सांगितली जाते, आणि सांगावीच. पण आम्ही विचारतो, त्यांच्या जागी डुप्लिकेट असता तर? ‘शोले’त बसंतीचा टांगा उधळतो, तिथं हेमामालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या. चित्रपट १९७५ चा. त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट आला २०१९ मध्ये, ४४ वर्षांनी.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक शब्द तिथला. आपल्या व्याकरणपरंपरेत कर्ता म्हणजे जो स्वतंत्र आहे तो, आणि ज्याच्याकरवी क्रिया साधली जाते ते करण. कुऱ्हाड हे करण, तोडणारा हा कर्ता. सिनेमाने डुप्लिकेटला कुऱ्हाड मानलं. पण कुऱ्हाडीला भीती वाटत नाही, तिच्या घरी कोणी वाट पाहत नसतं. उडी मारायची की नाही, हे शेवटच्या क्षणी ज्याला ठरवावं लागतं तो कर्ताच असतो. आणि कर्ता म्हटला की नाव आलं, दुखापतीची भरपाई आली, ‘ही उडी आज नको’ म्हणण्याचा अधिकारही आला. त्यातला शेवटचा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो नसेल तर बाकीचं सगळं अपघातानंतर मिळतं.

तेव्हा पुढच्या वेळी सिनेमा संपला की लगेच उठू नका. नावं सरकत असतात, गायकाचं सापडेलच. उडी मारणाऱ्याचंही शोधा.