विद्यापीठाबाहेरील ज्ञानोपासना आणि आपला ठेवा

सुवर्णमहोत्सवाच्या शुभप्रसंगी वास्तू, देणग्या व धर्मकार्य यांचा आढावा घेणे उचितच आहे. त्यासोबत समाजाच्या लेखी ठेव्याचेही स्मरण व्हावे, यासाठी हे चार शब्द.

संशोधन हे विद्यापीठातील प्राध्यापकांचेच कार्य, असा आपला समज असतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी दप्तरे शोधली. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. एकट्याने जमविलेले कागद त्याच्या पश्चात विखुरतात. संस्थेत ते जपले जातात, वाचले जातात व छापले जातात.

जैन समाजातही असे उदाहरण आहे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली नाशिकजवळील गजपंथा येथे विद्वानांना एकत्र करून जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापिला व ३०,००० रुपये दिले. १९४४ साली त्यांनी सुमारे २,००,००० रुपयांची आपली सर्व संपत्ती संघास अर्पण केली. डॉ. हिरालाल जैन व डॉ. आ. ने. उपाध्ये हे व्यवसायाने प्राध्यापक. परंतु संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादन त्यांनी केले ते समाजाच्या द्रव्यावर. याच मालेत १९५८ साली विद्याधर जोहरापूरकरांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ निघाला. मूर्तींवरील लेख व पोथ्यांच्या अखेरच्या प्रशस्ती हे त्याचे मुख्य आधार. दर्शनाच्या वेळी आपल्या दृष्टीस पडणाऱ्या, पण कधी न वाचलेल्या ओळींतूनच तो इतिहास उभा राहिला.

येथे एक कबुली देणे भाग आहे. जाफराबादेतील आमच्या कापड दुकानात निजामी राजवटीतील, आजोबांच्या हातच्या मोडी रोजकीर्दी व खतावण्या होत्या. कापडाचे भाव, टंचाईतील उधारी, मंदिरास दिलेली रक्कम, असे त्यांत काय काय आहे ते वडील वाचून दाखवीत. दुकानाची दुरुस्ती निघाली तेव्हा मी त्या रद्दीत घातल्या. बी.कॉम. झालेल्या मला रद्दीचा भाव कळला, वह्यांचे मोल कळले नाही. आता कितीही रक्कम मोजली तरी त्या परत येणार नाहीत.

म्हणून विश्वस्त मंडळास नम्र विनंती, की मंदिरातील पोथ्यांची सूची करावी, मूर्तींवरील लेख उतरवून घ्यावेत आणि घरोघरच्या जुन्या वह्यांसाठी एक कपाट राखावे. मोडी जाणणारे वडीलधारे आहेत तोवर तरुणांनी त्यांच्याकडून ती लिपी शिकावी. यास मोठी पदवी लागत नाही. चिकाटी व चार माणसांची सोबत पुरते.

माझ्या हातून झाले ते अन्य कोणाच्या हातून न घडो, हीच मंगल कामना. जय जिनेंद्र!