लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हमध्ये किती वर्षं टिकतं?

भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. दोन्ही तालुक्यांत लग्नाचं शूटिंग आता बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरच हातात येतं. आधी व्हीएचएस कॅसेट होती, मग सीडी आणि डीव्हीडी आली, आता बोटाएवढा पेनड्राइव्ह. टीव्हीला लावून पाहुण्यांना एकदा दाखवला की तो दागिन्यांच्या डब्याशेजारी कपाटात जातो. काही वर्षांनी बाहेर काढून कॉम्प्युटरला लावावा, तर स्क्रीनवर एकच प्रश्न येतो : फॉरमॅट करायचं का?

पेनड्राइव्ह पाण्यात पडला नाही, तुटला नाही, मग आतलं शूटिंग गेलं कुठे?

पेनड्राइव्हमध्ये फ्लॅश मेमरीची चिप असते. तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी शोधली आणि २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आले. चिपमध्ये अतिसूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात अडकवलेल्या विजेच्या भारावरून माहिती वाचली जाते. हा भार कायमचा राहत नाही, हळूहळू गळतो. उष्णतेत जास्त वेगाने गळतो. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशीला टेकतो, आणि उन्हात उभ्या गाडीत तर त्याहून जास्त तापतं. गाण्यांचा पेनड्राइव्ह गाडीत राहिला तर फार बिघडत नाही, गाणी पुन्हा मिळतात.

किती वर्षं टिकेल, याचं एकच उत्तर नाही. चांगल्या चिपचा नवा पेनड्राइव्ह दहा वर्षं चालू शकतो. हलक्या चिपचा, खूप वापरलेला दोन-तीन वर्षांतही दगा देतो. कारण कप्पे झिजतात. आजच्या स्वस्त चिपमधला प्रत्येक कप्पा साधारण काहीशे ते दोन-तीन हजार वेळा पुसून लिहिता येतो. नुसतं बघितल्याने ही झीज जवळपास होत नाही, लिहिण्या-पुसण्याने होते.

शिवाय हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा आवाज करते, अडखळते. पेनड्राइव्ह मात्र काल चालू आणि आज बंद असाही जातो. आतला कंट्रोलर जळाला तर डेटा परत मिळवणं अवघड आणि महाग पडतं, कधीकधी अशक्यच.

मोठ्या फाइलची अडचण वेगळी. पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. तीन तासांचं फुल एचडी शूटिंग सहज १० जीबीच्या घरात जातं. जागा शिल्लक असूनही फाइल कॉपी होत नाही ती यामुळेच. एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. (६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ५९ जीबीच दिसले तर ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. अगदी स्वस्तात '२ टीबी' मिळत असेल तर मात्र ती फसवणूकच समजावी : खरी जागा संपल्यावरही फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते, उघडत नाही.)

सातबारा पेनड्राइव्हमधून उडाला तर फार बिघडत नाही. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. लग्नातलं आजीचं हसणं कोणत्याच संकेतस्थळावर नसतं. स्टुडिओवालेही जागेअभावी जुनं शूटिंग पुसून टाकतात. म्हणून पेनड्राइव्ह हातात आला की त्याच आठवड्यात एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवावी. दुसरी प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली तर दोन्ही एकाच प्रकारे झिजणार आणि गळणार.

आणि तो फॉरमॅटचा प्रश्न आलाच, तर 'हो' दाबू नये. पेनड्राइव्हवर नवीन काहीही न लिहिता तो डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावा.