मतदारयादी आणि माणसाचे खाजगीपण

स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी तयार होत असताना नोंदणी करणाऱ्या कारकुनांपुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. दारात उभी असलेली स्त्री आपले नाव सांगेना. ती अमक्याची बायको किंवा तमक्याची आई, एवढेच सांगून थांबे. परक्या पुरुषाच्या वहीत आपले नाव लिहिले जाणे हा तिच्या व तिच्या घरच्यांच्या दृष्टीने मर्यादेचा भंग होता. कारकुनांनीही पुष्कळ ठिकाणी 'अमक्याची पत्नी' असे लिहून काम भागविले. परंतु नावावाचून मतदाराची ओळख पटणार कशी, असा प्रश्न उभा राहिला आणि अशा नोंदी ठेवता येणार नाहीत, असे निवडणूक आयोगाने ठरविले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अहवालाप्रमाणे, देशातील सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांच्या नोंदी या कारणाने वगळाव्या लागल्या. त्यांपैकी बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत या राज्यांतील होत्या. मध्य भारत म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरचाच मुलूख.

या घटनेकडे केवळ मागासलेपणाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. तथापि तिच्यात मतदार नोंदणीचा एक जुना पेच दडलेला आहे. मताचा हक्क मिळावा म्हणून नागरिकाने आपली काही माहिती राज्यसंस्थेच्या हाती द्यावी लागते, आणि ती माहिती अनेकांनी पाहावी अशा यादीत जाते. यादी उघडी नसेल तर तिच्यात कोण घुसले व कोण वगळले गेले, हे कळणार नाही. उघडी असेल तर माणसाचे नाव, वय व घर कोणाच्याही नजरेस पडेल. गेल्या पंचाहत्तर वर्षांत कायदे व नियम वारंवार बदलले. संगणक आला, घरबसल्या नोंदणी होऊ लागली. पण हा पेच सुटला नाही. उलट तो अधिक अवघड झाला.

स्वातंत्र्यापूर्वी मतदारयादी ही थोड्यांची यादी होती. १९३५ च्या कायद्याखाली मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींवर मताधिकार मिळे. पात्र पुरुषाची पत्नी वा विधवा म्हणूनही काही स्त्रियांची नावे लागत. शिवाय धर्माधर्मांचे मतदारसंघ वेगळे होते. बहुतेक संस्थानांत प्रौढ मताधिकाराची यादी अशी कधी झालीच नव्हती. अशा देशात २१ वर्षे वयाच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाची नोंद करण्याचे काम घटना पूर्ण होण्याचीही वाट न पाहता हाती घेण्यात आले. घटना समितीच्या कार्यालयाने मार्च १९४८ मध्येच प्रांतांना व संस्थानांना त्याविषयी पत्रे पाठविली. त्याच वेळी फाळणीने उखडलेले लक्षावधी लोक गावोगाव आसरा शोधीत होते. वास्तव्याची मुदत त्यांना लागू केली असती तर ते यादीबाहेरच राहिले असते. म्हणून निर्वासिताने 'येथेच कायम राहण्याचा विचार आहे' एवढे निवेदन करावे व त्याचे नाव नोंदवावे, असा आदेश निघाला. कागद नसलेल्या माणसाचा शब्द राज्यसंस्थेने ग्राह्य मानला, ही या इतिहासातील मोलाची गोष्ट होय.

परंतु सर्वच ठिकाणी अशी उदारता नव्हती. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे निवडणूक यंत्रणा केंद्रीय आयोगाकडे सोपविणारे कलम मांडले. मूळ योजनेत प्रांतोप्रांती स्वतंत्र आयोग असावयाचे होते. ती योजना बदलण्याचे जे कारण डॉ. आंबेडकरांनी दिले, ते महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे यादीत येऊ न देण्याचे प्रकार घडत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणजे निवडणूक आयोगाला आजचे स्वरूप मिळण्याच्या मुळाशी मतदारयादीतून वगळले जाण्याची भीती होती. बेळगाव असो, बडोदा असो की हैदराबाद असो, जेथे एखादा समाज संख्येने अल्प असतो, तेथे यादीतील नाव हाच त्याचा पहिला आधार असतो.

घटनेच्या ३२५ व्या कलमाने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी ठरविली. धर्म, वंश, जात वा लिंग या कारणांवरून कोणासही वगळता येणार नाही, असे त्या कलमाने सांगितले. त्यानंतर १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्यांत १७ कोटींहून अधिक नावे लागली. पुढे १९६० च्या मतदार नोंदणी नियमांनी जी पद्धत घालून दिली, तिचा सांगाडा आजही कायम आहे. कच्ची यादी प्रसिद्ध करावयाची, दावे व हरकती मागवावयाच्या, चौकशी करावयाची आणि मग पक्की यादी जाहीर करावयाची. नाव लावण्यासाठी सहाव्या नमुन्याचा अर्ज आणि नावावर हरकत घेण्यासाठी सातव्या नमुन्याचा. माणूस गाव सोडून गेला किंवा तो अपात्र आहे म्हणून नाव काढावयाचे झाल्यास, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे कायदाच सांगतो. १९९५ मध्ये दिल्ली व मुंबई येथील मतदारांना पाठविलेल्या नोटिसांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने या तत्त्वाला अधिक बळ दिले. एकदा यादीत लागलेले नाव योग्य रीतीनेच लागले असे गृहीत धरावे आणि ते काढण्यापूर्वी मतदाराला पूर्ण संधी द्यावी, असा त्या निर्णयाचा आशय होता.

यादीच्या नेमकेपणावर केवढे भवितव्य अवलंबून असू शकते, हे गोमंतकाने अनुभविले आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर ९ डिसेंबर १९६३ रोजी तेथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. त्यानंतर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, याचा निर्णय सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने लागला. एका भूप्रदेशाचे राजकीय स्वरूप ठरविणारा तो कौल ज्या याद्यांवर घेतला गेला, त्यांच्याकडे केवळ कचेरीतील कागद म्हणून पाहता येत नाही.

नावानंतर प्रश्न आला चेहऱ्याचा. तोतया मतदारांना आळा घालावा म्हणून १९६० मध्ये कलकत्ता नैर्ऋत्य मतदारसंघातील पोटनिवडणुकीत छायाचित्रयुक्त ओळखपत्रांचा प्रयोग करण्यात आला. दहा महिने खटपट करूनही सुमारे ३ लाख ४२ हजार मतदारांपैकी २ लाख १० हजारांच्या आसपास लोकांनाच ओळखपत्रे देता आली. अनेकजण घरी सापडले नाहीत आणि पुष्कळ स्त्रियांनी छायाचित्र काढू देण्यास नकार दिला. नाव न सांगणाऱ्या स्त्रीचाच हा दुसरा नकार होता. तो प्रयोग तेवढ्यावरच थांबला. पुढे १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी ओळखपत्रांचा आग्रह धरला, तेव्हा काळ बदललेला होता. मतदानाचे वय १९८९ मध्ये १८ वर आले होते आणि छायाचित्राचे कोणास नवल उरले नव्हते. हे ओळखपत्र हळूहळू घरोघरी पोहोचले.

२५ जानेवारी २०१५ रोजी, राष्ट्रीय मतदार दिनी, निवडणूक आयोगाने राष्ट्रीय मतदार सेवेचे संकेतस्थळ सुरू केले आणि नोंदणीचा अर्ज घरबसल्या भरता येऊ लागला. या सोयीचे मोल लहान नाही. नोकरीसाठी गाव सोडलेला तरुण, कचेरीच्या वेळेत कामावर असलेली स्त्री, अपंग व वृद्ध माणसे या सर्वांना त्यामुळे एक दार उघडले. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही २०१० च्या दुरुस्तीने नोंदणीचा हक्क मिळालेलाच होता. २०२१ च्या कायद्याने वर्षातून एकाऐवजी चार अर्हता-दिनांक ठरविले. त्यामुळे जानेवारीनंतर अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यास वर्षभर थांबावे लागत नाही. त्याच कायद्याने सैनिकाच्या 'पत्नी'ऐवजी 'जोडीदार' असा शब्द घातला व सेनादलातील स्त्रीच्या पतीलाही नोंदणीचा समान हक्क मिळाला.

परंतु कागदी व्यवस्थेत गैरप्रकार करणाऱ्याला निदान कचेरीपर्यंत यावे लागे. नव्या व्यवस्थेत तो कोठेही बसलेला असू शकतो. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हा पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचा मतदारसंघ. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी तेथील मतदारांची नावे काढून टाकण्यासाठी ६,०१८ अर्ज संगणकामार्गे आले. संशय आल्यावर प्रत्यक्ष पडताळणी झाली, तेव्हा त्यांपैकी केवळ २४ खरे आणि ५,९९४ चुकीचे ठरले, असे निवडणूक आयोगानेच सांगितले आहे. नावे वगळली गेली नाहीत आणि पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून अर्जदाराने आपली ओळख पटवावी, अशी व्यवस्था आयोगाने २०२५ च्या सप्टेंबरात आणली. आळंदच्या मतदारांचे हक्क वाचले ते अधिकाऱ्यांनी दारात जाऊन विचारले म्हणून. संगणकावर आलेल्या अर्जाच्या मागे माणूस आहे की नाही, हे शेवटी माणसानेच जाऊन पाहावे लागले.

दुसरा धोका माहितीच्या संग्रहाचा. चावडीवर टांगलेली यादी गावकरी वाचीत, तेव्हा ती गावापुरतीच उघडी असे. तीच यादी यंत्राला वाचता येईल अशा रूपात मिळाली की क्षणात लक्षावधी लोकांची नावे, वये, घरे व नातीगोती एकत्र करून हवी तशी चाळता येतात. या भीतीने आयोगाने २०१८ मध्ये यादी चित्ररूपातच प्रसिद्ध करण्याचे ठरविले. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील याद्यांविषयी कमल नाथ यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. शोधता येण्याजोगी यादी मिळाली तर दुबार नावे पकडता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. पुढे २०२५ मध्ये बिहारमधील विशेष पुनरीक्षणाच्या वेळी कच्च्या यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. त्या प्रसंगी १४ ऑगस्ट रोजी त्याच न्यायालयाने वगळलेल्यांची यादी कारणांसह, ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधता येईल अशा रूपात प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. वरकरणी हे दोन आदेश परस्परविरुद्ध वाटतात. वस्तुतः तसे नाही. सर्वांची माहिती सर्वांच्या हाती एकगठ्ठा देणे ही एक गोष्ट आणि ज्याचे नाव गेले त्याला ते गेल्याचे व का गेले याचे उत्तर देणे ही दुसरी गोष्ट.

नाव व चेहरा यांच्या पाठोपाठ आता क्रमांकाची पाळी आली आहे. आधार क्रमांक यादीशी जोडण्याची मोहीम मार्च २०१५ मध्ये सुरू झाली आणि न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थांबली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. तरीही २०२१ च्या दुरुस्तीने क्रमांक मागण्याचा मार्ग पुन्हा मोकळा केला. पुरेशा कारणामुळे क्रमांक देता आला नाही तरी अर्ज नाकारू नये, असे कायदा म्हणतो. पण अर्जाच्या नमुन्यात 'माझ्याजवळ आधार क्रमांक नाही' याखेरीज दुसरा पर्याय नव्हता. ज्याच्याजवळ तो आहे आणि ज्याला तो द्यावयाचा नाही, त्याला खरे उत्तर लिहिण्यास जागाच नव्हती. तेलंगणातून आलेल्या एका याचिकेवर सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयात मान्य केले की क्रमांक देणे सक्तीचे नाही आणि नमुन्यांत स्पष्टीकरण करण्याचा विचार आहे. तोवर सुमारे ६६ कोटी २३ लाख क्रमांक जमा झालेले होते. कायद्यात ऐच्छिक असलेली गोष्ट छापील नमुन्यात सक्तीची भासू शकते, ती अशी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्येच झाला. मात्र त्याच्या संरक्षणाची खरी कसोटी अशा साध्यासुध्या अर्जांतच लागावयाची आहे.

या सर्व इतिहासातून एक सूत्र हाती लागते. यादी उघडी असावी ती हक्काच्या रक्षणासाठी, माणसाला उघडे पाडण्यासाठी नव्हे. नोंदणीसाठी लागेल तेवढीच माहिती घ्यावी, घेतलेली माहिती दुसऱ्या कामासाठी वापरू नये आणि कोणाचेही नाव त्याला विचारल्यावाचून काढू नये. यांपैकी शेवटचा नियम १९५० च्या कायद्यातच आहे. पहिल्या दोहोंना तितक्याच स्पष्ट शब्दांत मतदार नोंदणीच्या नियमांत स्थान मिळाले पाहिजे.

१९५१ च्या सुमारास मध्य भारतातील एखाद्या खेड्यात दाराआड उभ्या राहिलेल्या त्या स्त्रीने नाव सांगितले नाही म्हणून तिचे मत गेले. आज तिची नात स्वतःच्या हाताने आपले नाव, जन्मतारीख व मोबाईल क्रमांक भरून अर्ज पाठविते, ही प्रगती निर्विवाद आहे. पण आपले नाव कोणाच्या हाती पडेल, तो त्याचे काय करील, ही आजीची शंका वेडगळ नव्हती. त्या शंकेचे समाधानकारक उत्तर देणे हे कायद्याचे काम आहे. आणि निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता, कच्ची यादी प्रसिद्ध होताच तिच्यात आपले व आपल्या शेजाऱ्याचे नाव आहे की नाही हे पाहणे, हे नागरिकाचे काम आहे.