कुलाब्याचा अंदाज, कुर्ल्याचे पाणी

भारतीय हवामानशास्त्र विभाग 1875 साली स्थापन झाला तो चक्रीवादळे आणि दुष्काळ यांच्या धास्तीतून, आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचे जे पूर्वानुमान 1886 पासून द्यायला सुरुवात केली, ते संपूर्ण देशाच्या शेतीसाठी होते. मुंबईत 1826 सालची कुलाबा वेधशाळा होतीच, आणि दीर्घकाळ मुंबईचा पाऊस म्हणजे कुलाब्याचा पाऊस असेच धरले गेले.

या गृहीतकाची किंमत उपनगरातील कुर्ल्याने मोजली. 27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळेचा पर्जन्यदिवस जिथे संपतो त्या वेळी, मागील 24 तासांची नोंद कुलाब्यात सुमारे 73 मिलिमीटर होती, तर कुर्ल्यापासून जवळच असलेल्या सांताक्रूझला ती 944 मिलिमीटर होती. 204.4 मिलिमीटरपुढील पाऊस हवामान विभागाच्या वर्गवारीत सर्वांत वरच्या श्रेणीत मोडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन निघणारी मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून वळवलेली, काठ भरावाने आणि वस्तीने आवळलेले, शहराची जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली आणि आदल्या दुपारी समुद्राला मोठी भरती. अशा वेळी कुर्ल्यातील सखल वस्त्यांत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार, म्हणजे ढगातील थेंबांचे अंतर आणि वेग रेडिओ लहरींनी मोजणारे यंत्र, नव्हते.

माधव चितळे समितीने केलेल्या या पुराच्या चौकशीनंतर मिठीच्या रुंदीकरणाची कामे आणि शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे आले. 2020 साली विभागवार पूर अंदाज देणारी ‘आयफ्लोज मुंबई’ प्रणाली सुरू झाली आणि 2022 साली, मधल्या काळात आलेल्या पहिल्या रडारच्या जोडीला, अंधेरीतील वेरावली येथे दुसरे रडार बसले. अंदाजाचे क्षेत्र देशावरून जिल्ह्यावर आणि जिल्ह्यावरून महापालिकेच्या विभागावर आले, ही प्रगती निःसंशय मोलाची आहे. तरीही लाल इशारा, म्हणजे तात्काळ कृतीची सूचना, संपूर्ण जिल्ह्याला एकदमच दिला जातो, आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील कुटुंबांना शाळेत हलवण्याची वेळ आली की निर्णय मिठीची पातळी किती मीटरवर गेली यावरूनच घेतला जातो.