मालकीकडून विश्वस्तवृत्तीकडे : सेवाग्रामची भूमी

वर्ध्याजवळचे शेगाव हे सेठ जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतील शेतीवर जगणारे लहानसे खेडे. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी तेथे आले आणि शेठजींनी आपली जमीन आश्रमास दिली. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० साली गावाचे नाव ‘सेवाग्राम’ झाले. माती, बांबू व कवेलू यांनी उभारलेल्या आदिनिवासात आणि बापूकुटीत वैभवाचा लवलेश नाही. तरीही १९४२ च्या ‘भारत छोडो’ लढ्याचा विचार येथेच पक्व झाला. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी येथून गेले, ते परतलेच नाहीत.

धनिकाने स्वतःस मालक नव्हे, तर विश्वस्त मानावे, हा गांधीजींचा आग्रह होता. त्यांच्यावर सखोल संस्कार करणारे श्रीमद् राजचंद्र जैन साधक होते. अपरिग्रहाचेच हे व्यवहारातील रूप होय.

शेठजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी निवर्तले. परंतु मातीची भिंत एकदाच्या दानाने टिकत नाही. ती वेळोवेळी लिंपावी लागते. दात्यामागे सांभाळणारे हात लाभले, म्हणूनच त्या कुट्या आजही सर्वांस खुल्या आहेत. पूर्णेतील आपल्या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांसही देणाऱ्यांइतकेच लिंपणारे हात लाभोत.